उताराच्या जागेवर कॅम्पर व्हॅन लेव्हल कशी करावी? चारही कोपऱ्यांना जॅक लावावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोर्स ट्रॅव्हलर 3350 वर कॅम्पर व्हॅन बनवून घेतली आहे, बेड गाडीच्या लांबीत आहे, घरची चार माणसं. पवना धरणाच्या काठावर मुक्काम केला तेव्हा गाडी डावीकडे कलली होती. रात्रभर सगळे एकमेकांच्या अंगावर घसरत होते आणि सिंकमधलं पाणी उतरत नव्हतं. आता चारही कोपऱ्यांना हायड्रॉलिक बॉटल जॅक लावून गाडी उचलायची म्हणता, आणि किती टनांचे जॅक घ्यावेत असं विचारलंय.

जॅक घेऊ नका. कारण पुढे सांगतो, पण आधी हे सांगतो की तुमचा त्रास बहुधा जॅकशिवायच, आणि निम्म्या वेळा रॅम्पशिवायही (म्हणजे चाक चढवायच्या उतरत्या ठोकळ्यांशिवायही), मिटेल. व्हॅनमध्ये ओटा, बेड, टाक्या बसवून द्यायचं काम मी करतो आणि स्वतःची गाडी घेऊन फिरतोही. बहुतेक लोक गाडी जशी उभी राहिली तशीच ठेवून तिच्याखाली काय घालायचं याचा विचार करत बसतात. गाडी कुठल्या तोंडाने उभी करायची, हा विचार त्याच्याही आधीचा.

उताराला एकच दिशा असते. तलावाकाठची जागा पाण्याकडे उतरते, रस्त्याची कड चराकडे उतरते. तुम्ही पवनेला गाडी काठाला समांतर लावली असणार, म्हणून सगळा उतार आडवा आला. तीच गाडी फिरवून तोंड वर, पार्श्वभाग पाण्याकडे केला असता तर आडवा कल शून्य झाला असता आणि फक्त पुढून मागे उतार उरला असता. आडव्या कलाने माणूस झोपेत लोळतो. लांबीतल्या उतारावर, डोकं वरच्या बाजूला असेल तर, दोन अंशांपर्यंत कुणाला काही जाणवतही नाही. 1.85 मीटरच्या बेडवर दोन अंश म्हणजे डोकं पायांपेक्षा साधारण साडेसहा सेंटिमीटर वर. एवढी उंची पुष्कळ लोक घरी उशीला देतात.

म्हणून हलका उतार असेल तर गाडी उताराच्या रेषेत लावा, डोकी वरच्या बाजूला करा आणि रॅम्प काढूच नका. बेडचं डोकं कुठल्या बाजूला हे सुतारानं ठरवलेलं नसतं, उशा फिरवता येतात. ज्यांचा बेड गाडीच्या रुंदीत आहे त्यांच्यासाठी हेच गणित उलटं होतं. त्यांना थोडा आडवा कल चालतो, लांबीतला उतार मात्र दोघांपैकी एकाला दुसऱ्यावर ढकलतो.

उतार वाढला की हिशोब बदलतो, आणि इथे बरेच जण चुकीच्या बाजूनं विचार करतात. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर नावाप्रमाणेच 3350 मिलिमीटर आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुमच्या गाडीचं टेपनं मोजा, मी इथे 1.6 मीटर धरतो. एक अंश उतार म्हणजे मीटरमागे साडेसतरा मिलिमीटर. तीन अंशांच्या उतारावर गाडी रेषेत लावली तर मागची चाकं 175 मिलिमीटर उचलावी लागतील, म्हणजे जवळजवळ सात इंच. तीच गाडी आडवी लावली तर खालच्या बाजूची दोन चाकं 84 मिलिमीटर उचलली की झालं. सात इंचांचा रॅम्प चढणं हे सर्कशीतलं काम आहे, सव्वातीन इंच कोणीही चढवतो. शिवाय आडव्या गाडीची चाकं उताराच्या दिशेनं फिरत नाहीत, त्यामुळे घरंगळण्याची भीतीही कमी.

तेव्हा हलक्या उतारावर गाडी रेषेत लावा आणि काही उचलू नका. जास्त उतारावर आडवी लावा आणि खालची बाजू उचला. चार-पाच अंशांच्या वर गेलं की मी जागाच बदलतो. तिथे गाडी लेव्हल झाली तरी दारातून पायरीवर पाय टाकताना माणसं पडतात, आणि रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते परवडत नाही.

आता मोजायचं कसं. मोबाइलचं लेव्हल ॲप चालतं, पण कॅमेऱ्याचा फुगवटा आणि कव्हर यांमुळे फोन सपाट बसत नाही. आकडा घ्या, फोन तिथेच अर्धा फिरवून पुन्हा घ्या, दोन्हींची सरासरी खरी. हीच चाचणी स्पिरिट लेव्हलचीही करा. दुकानातून आणलेली स्वस्त लेव्हल उलटी धरली की बुडबुडा दुसरीकडे गेला, असं बऱ्याचदा होतं.

दुसरी गोष्ट, लेव्हल कशावर ठेवायची. डॅशबोर्डवर नाही, ओट्यावरही नाही. बेडच्या फळीवर ठेवा. फर्निचर बसवताना गाडी वर्कशॉपच्या फरशीवर उभी असते आणि ती फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरती केलेली असते. शिवाय रिकामी गाडी पाट्यांच्या स्प्रिंगवर मागून उंच उभी राहते, सामान आणि माणसं भरली की बसते. म्हणून भरलेल्या गाडीत एकदा बेड नीट लेव्हल करा आणि त्याच अवस्थेत ड्रायव्हरजवळ दोन छोट्या बुडबुड्याच्या लेव्हल डबल टेपने चिकटवा, एक गाडीच्या रुंदीत, एक लांबीत. त्यांचे बुडबुडे मधोमध येतील अशा बसवा. पुढे आयुष्यभर सीटवरून न उठता गाडी लावता येते.

किती उचलायचं हे काढायला अंश-बिंश लागत नाहीत. गवंड्याकडची एक मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी बेडच्या फळीवर आडवी ठेवा, वर लेव्हल ठेवा, खालचं टोक बुडबुडा मधे येईपर्यंत उचला आणि खाली पडलेली फट मोजा. फट 25 मिलिमीटर आली आणि चाकांमधलं अंतर 1.6 मीटर असेल तर 25 गुणिले 1.6, म्हणजे 40 मिलिमीटर उचलायचं. लांबीसाठी 3.35 ने गुणा. एवढंच.

दोन्ही बाजूंनी कललेली जागा असेल तर बेरीज करायची. समजा डावी बाजू 40 ने खाली आहे आणि मागची बाजू 60 ने खाली आहे. मग पुढचं उजवं चाक जमिनीवर, पुढचं डावं 40 वर, मागचं उजवं 60 वर, मागचं डावं 100 वर. हे करता येतं, पण तीन वेगवेगळ्या उंचीचे रॅम्प एकाच वेळी चढणं हा संध्याकाळचा तासभर आणि अर्ध्या क्लचचा वास. त्यापेक्षा गाडी फिरवा, या उदाहरणात साधारण पस्तीस अंश, त्यातला एक कल आपोआप जातो.

उतार एकसारखा नसून एकच चाक खड्ड्यात गेलं असेल तर आधी खड्डा भरा. तसंच ठेवून बाकीची चाकं उचलत बसलात तर बेड लेव्हल होईल पण चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, पीळ पडेल. लगेच ओळखता येतं: दार लावताना घासतं, ओट्याखालचे ड्रॉवर अडकतात. दार घासायला लागलं की बुडबुडा काय म्हणतोय ते बघू नका, गाडी खाली घ्या.

जमिनीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण रात्री लेव्हल केलेली गाडी सकाळी कललेली सापडते ती बहुतेक जमिनीमुळे. भरलेल्या कॅम्परच्या एका चाकावर टनाच्या आसपास वजन येतं. टायरमध्ये 60 पीएसआय हवा असेल तर जमिनीवर दाबही साधारण तेवढाच पडतो, दर चौरस सेंटिमीटरला चार किलोंच्या वर. मुरूम किंवा कातळ हे सहज पेलतो. काळी माती कोरडी असेपर्यंत पेलते. एक सर पडली की ती फुगते, मऊ होते आणि चाक खाली जाऊ लागतं. चाकाखाली 30 बाय 60 सेंटिमीटरची जाड फळी घातली की तोच टनभर भार 1800 चौरस सेंटिमीटरवर पसरतो, म्हणजे अर्ध्या किलोच्या थोडा वर. फळी जाड हवी. प्लायचा पातळ तुकडा मधोमध वाकतो आणि भार पुन्हा चाकाखालीच येतो.

धरणाच्या फुगवट्याचा गाळ हा सगळ्यांत फसवा. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, वरचा थर वाळून भेगाळतो, गाड्यांच्या चाकोऱ्याही दिसतात. उजनीकाठी भिगवणला शेतकरी त्याच गाळात गाळपेर करतात, म्हणजे खाली ओल किती टिकून असते ते समजून घ्या. पवना, मुळशी, भंडारदरा, सगळीकडे तेच. उतरून टाच जोरात आपटा. टाचेचा ठसा बोटाच्या पेराएवढा उमटला तर तिथे रात्र काढू नका. मग तंबूची लोखंडी खुंटी हातानं दाबून बघा. वर टणक लागून खाली भसकन गेली तर जागा सोडा. पाण्याच्या रेषेपासून लांब राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे पावसाळ्यात धरणाची पातळी रात्रीतून वाढते. नदीपात्रात तर उतरूच नका, वरून विसर्ग सोडला की पळायला वेळ मिळत नाही.

कोकणातले सडे मला मुक्कामाला सर्वांत आवडतात. जांभ्याचं पठार, जवळजवळ सपाट, चाक रुतायचा प्रश्न नाही. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, गाडी आत घालण्याआधी पायी फिरून बघा. काही शिल्पांभोवती कुंपण आहे, काहींभोवती नाही. एखाद्याच्या मालकीच्या सड्यावर जात असाल तर गावात विचारून जा. वाळूत मात्र गाडी घालू नका. ओहोटीला टणक वाटणारा किनारा भरतीला काय होतो हे दर सुट्टीत कुणाच्या तरी गाडीवरून कळत असतं, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर वाहन नेणं कायद्यानंच बंद आहे.

वरच्या बाजूचं चाक खाली घेण्यासाठी खड्डा खणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. शेतात, मालकाची परवानगी असेल आणि सकाळी बुजवणार असाल, तर ठीक. कासच्या पठारावर किंवा वनखात्याच्या जागेत फावड्याला हातही लावू नका.

आता चाकाखाली काय घालायचं. वीट नाही, ती भार आला की फुटते. शहाबादी फरशीचा तुकडा मधे तुटतो. जांभ्याचा चिरा कोकणात हाताशी असतो, पण ओला चिरा टायरच्या कडेखाली ढासळतो. गोल दगड तर चाक चढताना गोळीसारखा उडतो. पेव्हर ब्लॉक दाबाला मजबूत असतात, पण तळ छोटा, मुरमावर घसरतात आणि टायर त्यांच्या कडेवरून लोंबत राहतो. टायरचा जमिनीला टेकणारा सगळा भाग आधारावर बसला पाहिजे. अर्धा टायर लोंबकळत रात्रभर उभा राहिला तर साइडवॉलवर नको तो ताण येतो. मागे दोन-दोन टायर असलेल्या गाड्यांमध्ये आधार दोन्ही टायरांखाली यायला हवा. एकाच टायरखाली ठोकळा घातला तर सगळा भार त्या एकावर येतो.

तीन पायऱ्यांचे प्लॅस्टिकचे रॅम्प ऑनलाइन मिळतात आणि चांगले असतात. घेताना त्यावर लिहिलेली भारक्षमता दर रॅम्पची आहे की जोडीची, ते वाचा. मी स्वतः लाकडाचे वापरतो. वखारीतून सालाच्या किंवा बाभळीच्या दीड इंच जाड, दहा इंच रुंद फळ्या आणायच्या. सर्वांत खालची तीन फूट, मधली सव्वादोन फूट, वरची दीड फूट. मागची टोकं एका रेषेत, पुढची टोकं पायरी पायरीनं मागे, आणि प्रत्येक पायरीची कड तिरकी तासलेली. स्क्रू खालून मारायचे, वरून नाही, नाहीतर एखादा स्क्रू वर आला की टायरमध्येच. तळाला खडी क्रशरवरच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा ठोकायचा, भंगारवाल्याकडे मिळतो. त्यानं रॅम्प मुरमावर सरकत नाही. वरच्या फळीच्या शेवटी आडवी पट्टी ठोका, चाक पुढे उतरून जाणार नाही. असे दोन रॅम्प आणि दोन सुट्या फळ्या एवढ्यात तुमचं भागेल.

चढवण्याआधी पाण्याची टाकी भरून घ्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ते नंतर एका बाजूला भरलं की केलेली लेव्हल गेली. रॅम्प चाकाला चिकटवून ठेवा. तुमच्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे मागचं चाक चढवताना ते रॅम्पला मागे फेकू पाहतं. पहिला गिअर, सावकाश, एकाच दमात. मधेच थांबून पुन्हा उचलायला गेलात तर तिथेच रॅम्प निसटतो. सांगणारा माणूस ड्रायव्हरच्या खिडकीच्या बाजूला, चार पावलं लांब उभा राहील. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही नको, मुलं तर अजिबात नकोत.

वर पोहोचल्यावर पायातला ब्रेक धरून हँडब्रेक ओढा, मग ब्रेक हळू सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या. मग गिअर: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. त्यानंतर जमिनीवर राहिलेल्या चाकांना उताराच्या बाजूनं लाकडी पाचरी लावा. रॅम्पवरच्या चाकाला लावलेली पाचर रॅम्पसकट सरकू शकते, म्हणून जमिनीवरच्या चाकांना.

आता जॅक. हायड्रॉलिक जॅक टायर बदलण्यासाठी असतो. त्याचा तळ हाताच्या पंजाएवढा, आणि सीलमधून थोडं थोडं तेल उतरत राहिलं तर पहाटेपर्यंत एक कोपरा खाली आलेला असतो. खरं संकट वेगळं आहे. हँडब्रेक बहुतेक व्हॅनमध्ये मागच्या चाकांवर लागतो, मागची चाकं अधांतरी केली की तो कशालाच धरत नाही. एकच मागचं चाक उचललं तर गिअरही कामाचा राहत नाही, कारण डिफरन्शिअलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) जमिनीवरचं चाक फिरायला मोकळं आणि हवेतलं उलटं फिरतं. त्यात आत चार माणसं कूस बदलणार. उतारावर, जॅकवर, माणसांसकट गाडी ठेवायची नाही, याला अपवाद नाही.

परदेशात मोटरहोमना चेसिसला कायमचे बसवलेले, रुंद पायांचे हायड्रॉलिक लेव्हलर येतात, ते वेगळं प्रकरण. आणि कोपऱ्याला खाली सोडायचे स्क्रूचे स्टॅबिलायझर पायही वेगळे. ते गाडी उचलत नाहीत. चाकांवर लेव्हल झाल्यावर, खाली फळी ठेवून, हातानं घट्ट होतील इतकेच आवळायचे. आत कुणी चाललं की स्प्रिंगवर गाडी डुलते ते त्यानं थांबतं. हवे असतील तर हे घ्या, पण चेसिसला बसवा, बॉडीच्या पत्र्याला नाही.

किती अचूक लेव्हल करायची? तुमचा फ्रिज 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला असेल तर त्याला या थोड्याशा कलाची फिकीर नाही. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मोटरहोम भाड्यानं घेणाऱ्यांनी मात्र लक्ष द्यावं. तिथे पुष्कळ गाड्यांत गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असतो. त्यात पंप नाही, अमोनियाचं द्रावण निव्वळ उतारानं परत येतं. गाडी उभी करून तो कललेल्या अवस्थेत तासन्‌तास चालवला तर द्रावण एकीकडे साचून तापत राहतं आणि नळी कायमची बुजू शकते. अशा फ्रिजची मर्यादा साधारणपणे आडवी तीन अंश आणि लांबीत सहा अंश सांगितलेली असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा.

बाकी कामासाठी अर्धा अंश इकडेतिकडे चालतो. माझी कसोटी तव्यावरची: तेलाचा थेंब मधे राहिला तर झालं, कडेला पळाला तर अजून एक फळी. पावसाळ्यात तर मी मुद्दाम थोडा कल ठेवतो. छत अगदी सपाट असेल तर पाणी वरच्या झरोक्याभोवती साचतं आणि जुन्या सीलंटमधून आत येतं. सिंकचं आणि बाथरूमचं भोक ज्या कोपऱ्यात आहे त्या बाजूला पाव-अर्धा अंश कल दिला की पाणी स्वतःहून जातं. गाडीबाहेर ओढायच्या कापडी छताचाही (ऑनिंगचा) एक पाय दुसऱ्यापेक्षा खाली ठेवा, नाहीतर कापडात पाण्याचा फुगा धरतो आणि दांडी वाकते. सरकत्या दाराची गाडी असेल तर तोंड किंचित वर असलेलं बरं. तोंड खाली असलं की दार आपोआप पुढे येऊन आपटतं आणि लहान बोटं मधे सापडतात.

सकाळी निघताना क्रम उलटा. आधी स्टॅबिलायझर वर, मग ड्रायव्हर सीटवर बसून पाय ब्रेकवर, इंजिन चालू, आणि त्यानंतरच दुसऱ्यानं पाचरी काढायच्या. ज्या बाजूनं चढलात त्याच बाजूनं मागे उतरा, पुढून उडी मारून उतरलात तर टाकीचा किंवा नळ्यांचा खालचा भाग रॅम्पच्या कडेवर आपटतो. फळ्यांचा चिखल तिथेच खरवडा. ओल्या फळ्या बेडखाली कोंडल्या तर दोन दिवसांत गाडीभर कुबट वास येतो.